पडेल भाड्यात फायदा कोणाचा?

माणगाव, म्हसळा, रोहे, महाड या भागात एखाद्याने आपला ट्रक विकायला काढला की लोक दोन गोष्टी विचारतात. गाडी किती चालली आहे आणि किंमत काय? विकायची वेळ का आली, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "भाडे परवडत नाही."

हे "परवडत नाही" म्हणजे नेमके काय, याचा हिशेब मांडावा, आणि हा प्रश्न केवळ ट्रकवाल्याचा नसून दुकानदार, वखारवाले, वीटभट्टीवाले व कारागीर यांचाही आहे हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरील मुस्लिम घरांचा मालवाहतुकीशी संबंध जुना आहे. रस्ते आणि पूल नव्हते तेव्हा तांदूळ, मीठ, कौले, लाकूड हा माल धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांतून मचव्यांनी व गलबतांनी मुंबईला जात-येत असे. रस्ते झाले, पूल झाले आणि गलबतांची जागा ट्रकने घेतली. पुढे आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे परत येऊ लागली. दहा-पंधरा वर्षे घाम गाळून साठवलेल्या पैशांचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. कोणी दुकान टाकले, कोणी घर बांधले, कोणी ट्रक घेतला. गाडी आपली, चालवणार आपण किंवा आपला मुलगा, मग नुकसान कसे होईल, असा सरळ विचार त्यामागे होता. अशा एका गाडीच्या मालक-चालकाची अवस्था आज सर्वांत वाईट आहे.

भाडे का पडले?

भाडे पडणे दोन प्रकारचे असते. एकात आकडाच खाली येतो. दुसऱ्यात आकडा तोच राहतो, पण खर्च वर जातो. दुसरा प्रकार पटकन लक्षात येत नाही, म्हणून तो अधिक घातक. तीन वर्षांपूर्वी मिळत होते तेच भाडे आजही मिळते, यात समाधान मानणारा मालक प्रत्यक्षात कमी भाड्यावर गाडी चालवीत असतो.

पूर्वी डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो बाजारावर सोडण्यात आला आणि जून २०१७ पासून रोज बदलू लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल लिटरला १०० रुपयांच्या वर गेले होते. नंतर करकपात झाल्यावर ते खाली आले, आणि २०२४ साली नव्वदीच्या आसपास होते. डिझेलचा भाव बदलतो, भाडे मात्र तोंडी ठरते आणि वर्षानुवर्षे तेच चालते. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या करारात डिझेल वाढले तर भाडे वाढेल असे कलम असते. नाक्यावर उभ्या असलेल्या एका गाडीच्या मालकाकडे असे कलम नसते, कारण त्याच्याकडे करारच नसतो.

दुसरे कारण गाड्यांच्या क्षमतेचे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या, म्हणजे दहा टायरच्या गाडीचे मालासह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. देशातील माल त्या दिवशी एक पोतेही वाढला नव्हता, पण तो वाहण्याची ताकद एका आदेशाने वाढली. जेथे आठ गाड्या लागत तेथे सात पुरू लागल्या. उरलेली आठवी गाडी भाडे पाडून काम मागते, आणि तिच्यामुळे इतर सातांचे भाडे पडते. त्यात मोठे बारा-चौदा टायरचे ट्रक आणि ट्रेलर आले. त्यांचा टनामागे खर्च कमी, त्यामुळे लांबच्या मालावर लहान गाडी त्यांच्यापुढे टिकत नाही.

तिसरे कारण मालाच्या बदललेल्या वाटा. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथील माल कंटेनरमधून हलतो आणि कंटेनरला ट्रेलर लागतो. साध्या ट्रकवाल्याला त्या कामात शिरकाव नाही. मोठे कारखाने वाहतुकीचे वर्षाचे काम एकाच मोठ्या ठेकेदाराला देतात. तो दुसऱ्याला देतो, दुसरा दलालाला, आणि दलाल नाक्यावर येऊन गाडी शोधतो. कारखान्याने दिलेले भाडे इतक्या हातांतून गाळून गाडीवाल्यापर्यंत येते.

चौथे कारण आपल्या भागाचे स्वतःचे आहे. जून ते सप्टेंबर चिरा, वीट, रेती, बांधकाम सारे थंडावते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मासळीचेही भाडे नसते. हप्ता आणि विमा मात्र पाऊस बघून थांबत नाहीत. शिवाय पनवेल ते इंदापूर महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या खड्ड्यांनी किती टायर आणि किती पाटे खाल्ले, हे मालकांनाच ठाऊक.

एका खेपेचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. खालील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत, रीत तीच राहील.

समजा, दहा टायरची गाडी १८ टन माल घेऊन १५० किलोमीटर जाते आणि रिकामी परत येते. भाडे ठरले १४,००० रुपये. भरलेली गाडी लिटरला ४ आणि रिकामी ५ किलोमीटर चालते असे धरले, तर डिझेल लागेल साडेसदुसष्ट लिटर. ९० रुपयांच्या भावाने त्याचे होतात ६,०७५ रुपये. क्लीनर आणि जेवण ७००, टोल व हमाली मिळून ८००, दलाली ५००. एकूण खर्च ८,०७५ रुपये. हातात राहिले ५,९२५.

मालक घरी येतो आणि म्हणतो, दोन दिवसांत सहा हजार सुटले. त्यातून घरखर्च होतो, मुलांची फी भरली जाते. सारी गल्लत येथेच होते, कारण हे पैसे त्याचे नसतात.

दहा टायरचे प्रत्येकी २०,००० धरून दोन लाख होतात. ते ६०,००० किलोमीटर चालले, तर ३०० किलोमीटरच्या या फेरीत १,००० रुपयांचा टायर झिजला. ऑइल, ग्रीस, ब्रेक, पाटे यांना किलोमीटरला २ रुपये धरले तर ६०० रुपये. विमा, कर, फिटनेस, परमिट मिळून वर्षाला ९०,००० रुपये. उघाडीच्या आठ महिन्यांत दरमहा १२ आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा ६ अशा वर्षाला १२० खेपा धरल्या, तर खेपेला ७५० रुपये. गाडीचा हप्ता महिना ३०,००० असेल तर वर्षाचे ३,६०,०००, म्हणजे खेपेला ३,००० रुपये. हा झाकलेला खर्च ५,३५० रुपये होतो.

५,९२५ मधून ५,३५० वजा करा. उरले ५७५ रुपये. दोन दिवस स्टेअरिंगवर बसण्याची, रात्र गाडीत काढण्याची आणि जोखीम घेण्याची ही मजुरी!

आता याच हिशेबात डिझेल लिटरला ९ रुपयांनी वाढू द्या. खर्च सुमारे ६०७ रुपयांनी वाढतो आणि ५७५ रुपये तर जातातच, वर पदरचे घालावे लागतात. दलालाने भाडे हजार रुपयांनी कमी केले तर प्रत्येक खेपेला ४२५ रुपयांचा तोटा. तरीही गाडी चालत राहते, कारण तोटा आज दिसत नाही. तो टायर फुटतो तेव्हा, विम्याची तारीख येते तेव्हा आणि इंजिन उतरवावे लागते तेव्हा दिसतो. त्या दिवशी मालक म्हणतो, नशीब खोटे. नशिबाला दोष देण्याआधी वही उघडून पाहावी.

ज्यांनी व्याज नको म्हणून रोखीने गाडी घेतली, त्यांची समजूत असते की आपल्याला हप्ता नाही, म्हणजे तो खर्चच नाही. हेही खरे नाही. १५ लाखांची गाडी आठ वर्षांनी ५ लाखांना गेली, तर १० लाख रुपये रस्त्यावर झिजले. वर्षाला सव्वा लाख, म्हणजे खेपेला हजाराहून थोडे अधिक. ते वेगळे काढून ठेवले नाहीत, तर माणूस आखातात जमवलेली पुंजीच थोडी थोडी करून खात असतो आणि तिला कमाई म्हणत असतो.

भाडे परवडत नाही म्हणून काही जण माल जास्त भरतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा मालाला २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. वरील हिशेबाने एक दंड म्हणजे सुमारे ३५ खेपांची कमाई. ब्रेक आणि टायर यांच्यावर पडणारा ताण आणि घाटातला धोका तर वेगळाच.

व्यापाऱ्याने हे का वाचावे?

या पानाचे अनेक वाचक ट्रकमालक नाहीत, ट्रकने माल मागवणारे आहेत. त्यांना वाटेल, भाडे पडले तर आमचे भलेच. वरवर पाहता तसे आहे. पण थोडे पुढचे पाहू.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा ही गावे मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या मुख्य वाटेवर नाहीत. जुलैच्या पावसात आठ टन सिमेंट आणि दोन टन पत्रे घेऊन अरुंद घाटरस्त्याने येणारा माणूस कोण असतो? ओळखीचा गाडीवाला. सुपारी, आंबा यांना वेळेवर गाडी कोण देतो? पेणच्या मूर्तिकारांचा नाजूक माल खड्डे चुकवत सांभाळून नेणारा चालक रोज नवा मिळत नाही. हा माणूस गाडी विकून पुन्हा परदेशी गेला, की त्याच्या जागी येणारा परका गाडीवाला हंगामात दीडपट मागेल आणि अडल्या दिवशी फोनही उचलणार नाही. आज वाचवलेले पाचशे रुपये त्या दिवशी सव्याज परत जातील.

भाड्याचा आकडा न वाढवताही व्यापारी गाडीवाल्याची कमाई वाढवू शकतो. गाडी लवकर खाली करावी, हा पहिला उपाय. वरच्या हिशेबात वर्षाला १२० खेपांऐवजी, दुकानापुढे आणि गोदामापुढे गाड्या खोळंबल्यामुळे, १०० च झाल्या, तर विमा व हप्त्याचा भार खेपेला ३,७५० वरून ४,५०० रुपये होतो. ५७५ रुपयांच्या नफ्याचा १७५ रुपयांचा तोटा होतो. व्यापाऱ्याचे त्यात काही वाचत नाही, गाडीवाल्याचे मात्र सर्व जाते.

दुसरे, हमालीचे. वाहतूकदार अनेक वर्षे म्हणत आले आहेत, "ज्याचा माल त्याचा हमाल." ही मागणी रास्त आहे. माल उतरवण्याचा खर्च मालधन्याचा. तो चालकाच्या खिशातून वाराई म्हणून काढणे म्हणजे ठरलेले भाडे मागच्या दाराने कमी करणे होय.

तिसरे, परतीचा माल. जाणाऱ्या गाडीला ५,००० रुपयांचे परतीचे भाडे मिळाले, तर जादा डिझेल व हमाली यांचे सुमारे १,००० रुपये जाऊन ४,००० रुपये उरतात. ५७५ चे ४,५७५ होतात, जवळजवळ आठपट. खरा नफा जाण्यात नाही, येण्यात आहे. म्हसळ्याच्या दुकानदाराचा माल कळंबोलीला पडून आहे आणि म्हसळ्याचाच गाडीवाला कळंबोलीहून रिकामा परत येतो, असे होत असेल तर दोष कोणा परक्याचा नाही.

गाडीवाल्यांनी काय करावे?

पहिले काम वहीचे. प्रत्येक खेपेचे किलोमीटर, डिझेल, वाटखर्च, टायर व दुरुस्ती लिहावी, आणि महिन्याच्या शेवटी आपल्या गाडीचा दर किलोमीटरचा खर्च काढावा. कोलाडहून वेर्ण्याकडे १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते. गाडी रेल्वेवर चढवायची की रस्त्याने न्यायची, हे ठरवणारा मालक नेमका हाच हिशेब करतो : डिझेल, टायर, घाटातली झीज आणि वेळ. तोच हिशेब घराजवळच्या खेपेलाही लावावा. आपला आकडा ठाऊक असलेला माणूस दलालाला "नाही" म्हणू शकतो. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला शेजाऱ्याने घेतलेले भाडेच योग्य वाटते.

दुसरे, भाडे लिहून ठेवावे आणि त्यात त्या दिवशीचा डिझेलचा भाव घालावा. वरील उदाहरणात भाड्यातील डिझेलचा वाटा सुमारे ४३ टक्के आहे. म्हणजे डिझेल १० टक्के वाढले तर भाडे साधारण सव्वाचार टक्के वाढावे, आणि डिझेल उतरले तर तेवढे कमी व्हावे. यात कोणाची मेहेरबानी नाही, दोन्ही बाजूंना न्याय आहे. ब्राझीलमध्ये मे २०१८ च्या मोठ्या ट्रक संपानंतर किमान भाड्याचा कायदा झाला आणि ते भाडे डिझेलच्या भावाशी जोडले गेले. दक्षिण कोरियात २०२० ते २०२२ कंटेनर व सिमेंटच्या गाड्यांना सुरक्षित भाड्याची पद्धत होती, आणि ती टिकावी म्हणून तेथील चालकांनी २०२२ साली दोनदा संप केला. अमेरिकेत २०२१ च्या तेजीत अनेकांनी चढ्या किमतीने ट्रक घेतले आणि २०२२ मध्ये भाडी कोसळताच ते हप्त्याखाली दबले. हे दुखणे एकट्या रायगडचे नाही, आणि त्यावर जगात कोणी औषध शोधलेच नाही असेही नाही.

तिसरे, उधारीचे. ज्याने एकच गाडी घेतली आहे त्याचीही उद्यम नोंदणी होते आणि ती विनामूल्य आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यवसायाचे पैसे कमाल ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि न दिल्यास शासनाच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. विलंबावर व्याजाची तरतूद आहे. ते घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण कष्टाचे मुद्दल वेळेवर मागणे हा हक्क आहे, आणि मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही.

चौथे, एकत्र येण्याचे. डिसेंबर २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशात बरमाणा व दाडलाघाट येथील दोन सिमेंट कारखाने वाहतूक महाग पडते म्हणून कंपनीने बंद ठेवले. तेथील ट्रकमालकांपैकी अनेकांच्या जमिनी त्याच कारखान्यांत गेलेल्या होत्या. ६७ दिवसांनी तोडगा निघाला. मोठ्या गाडीला टनामागे दर किलोमीटरला ९ रुपये ३० पैसे, लहान गाडीला १० रुपये ३० पैसे. ट्रकमालकांना पूर्वीपेक्षा काही सोडावे लागले आणि दोन महिन्यांची कमाई बुडाली. पण दर ठरला तो उघड, लेखी आणि सर्वांना एकच. एकेकटा गाडीवाला त्या टेबलापर्यंतही पोहोचला नसता.

येथे एक सावधगिरी हवी. संघटना म्हणजे दुसऱ्याची गाडी अडवणे नव्हे. धाकदपटशाने भाडे ठरवणे चुकीचे आहे, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार संगनमताने भाव बांधणाऱ्यांवर कारवाईही होऊ शकते. आपल्याला हवी आहे ती तालुक्यापुरती साधी मांडणी : परतीच्या मालाची एक वही, टायर व ऑइलची एकत्र खरेदी, आणि कोणता व्यापारी वेळेवर पैसे देतो याची माहिती. दहा गाड्यांनी मिळून सहकारी संस्था काढली, तर कारखान्याच्या कामासाठी थेट निविदाही भरता येईल आणि मधले दोन हात कमी होतील.

दिघीची वेळ

हे सर्व आताच सांगण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत रायगडमधील दिघी आहे. राजपुरीच्या खाडीवर दिघी बंदर आहेच. उद्या तेथे माती, खडी, सिमेंट, लोखंड आणि नंतर कारखान्यांचा माल हलू लागेल. गावोगावी पुन्हा कोणीतरी म्हणेल, गाडी घ्या, काम भरपूर आहे. न्हावा-शेव्याच्या वेळीही कामाची कमतरता नव्हती, पण साध्या ट्रकच्या एकट्या मालकाला त्यात जागा नव्हती.

म्हणून नवी गाडी घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. काम कोणाकडून मिळणार, थेट की चौथ्या हातून? डिझेल वाढले तर भाडे वाढणार का? पावसाचे चार महिने हप्ता कोठून भरणार? उत्तरे नसतील तर आखातातून आणलेला पैसा गाडीत घालू नये. ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे, त्यांनी आजपासून वही सुरू करावी.

आणि व्यापारी बांधवांनी पुढच्या वेळी भाड्यात घासाघीस करताना एकदा समोरच्या गाडीचे टायर पाहावेत. ते झिजून गुळगुळीत झालेले असतील, तर आपण ठरवत असलेल्या भाड्यात त्या टायरचे पैसे नाहीत असे समजावे. त्याच टायरवर आपला माल येणार आहे.